नव्या पत्त्यावर अशी कुणी राहत नाही

तलासरीच्या चाळीत इतकी वर्षं भाड्याने राहत होते ती खोली माझ्या नावावर झाली, त्याच आठवड्यात मी आधार कार्डावरचा पत्ता बदलून घेतला. एवढी घाई कसली, असं सगळ्यांनी विचारलं. घाई होतीच! आयुष्यभर माझ्या कागदांवर आधी बापाचं घर होतं, मग भावाचं. आता माझी खोली, माझं दार. आधार केंद्रावरच्या मुलीने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून विचारलं, "बरोबर आहे का, मावशी?" मी म्हटलं, "मोठ्याने वाच." तिने वाचलं. मी म्हटलं, "परत वाच." मला वाचता येत नाही असं तिला वाटलं असेल. वाटू दे. मला ऐकायचं होतं.

लहानपणी पोलिओ झाला आणि माझा डावा पाय वाढायचा राहिला. मांडीपासून खाली लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी. त्यासाठी सरकारचं मानधन मिळतं. मी डहाणूला राहत होते तेव्हापासून ते चालू होतं. रक्कम मोठी नाही, पण तिचं काम ठरलेलं होतं. मी सुकी मासळी विकते. तलासरी, कासा, सायवन, जिथे आठवड्याचा बाजार तिथे मी. भरलेल्या जीपमध्ये लोक दाराला लटकून जातात, मला तसं जमत नाही. म्हणून त्या पैशांतून रिक्षा. रिक्षा आहे तोवर मी माझ्या मर्जीने निघते आणि माझ्या मर्जीने परत येते. रिक्षा नसेल तर कुणीतरी न्यायचं, कुणीतरी उतरवायचं, कुणीतरी म्हणायचं, थांब जरा. थांबण्यासाठी मी धंद्यात पडले नव्हते.

डहाणू का सोडलं, तेही सांगते. आमच्या किनाऱ्यावर वाळूत बांबू रोवून दोऱ्या ताणतात आणि बोंबील वाळवतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. प्रत्येक घराची जागा ठरलेली. आमची जागा वाऱ्याच्या तोंडाशी, सगळ्यांत चांगली. आई म्हणायची, "ही जागा पोरीची. बोटीवर जाता येत नाही तिला, हे तरी तिचं असू दे." आई गेली, आणि तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत तिथे वहिनीच्या टोपल्या लागल्या. भाऊ म्हणाला, "तुला कुठे उभं राहून टांगता येतं?" मी लहानपणापासून उंच घडवंचीवर बसून टांगत आले होते, आणि माझी जोडी वाऱ्याने सुटून पडलेली त्याने कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मी जे काही बोलले ते अख्ख्या वाडीने ऐकलं. मग निघून आले. तेव्हापासून मी वाडीतल्या दहा घरांतून माल घेते, त्याच्या घरातून नाही. फुकट दिला तरी नाही.

तलासरीत पहिल्याच बाजारात शेजारच्या कांदेवाल्याने मला हाक मारली, "ए लंगडी, जरा सरक." मी त्याच्या तराजूतलं वजन उचललं आणि गटारात फेकलं. सगळा बाजार बघायला लागला. मी म्हटलं, "नीट ऐका. जो कुणी मला असं म्हणेल त्याला माझ्याकडून मूठभर सुकटसुद्धा मिळणार नाही. पावसाळ्यातही नाही." पावसाळ्यात पाड्यापाड्यावर कालवणाला दुसरं काय असतं? मी उन्हाळ्यातच माल भरून ठेवते, हे लोकांना लवकरच कळलं. पुन्हा कुणी तो शब्द काढला नाही. मी 'सुकटवाली बाय' झाले. त्यातही मी एक काळजी घ्यायची. उजाडायच्या आत रिक्षाने जाऊन जागेवर बसायचं आणि सगळे उठून गेल्यावर उठायचं. बसलेल्या बाईशी घासाघीस करणं सोपं नाही, तिच्या पायाकडे कुणाचं लक्ष जात नाही, तिच्या तोंडाकडे जातं. मला चालताना कुणी पाहिलंच नाही, अशी माझी समजूत होती.

तर पत्ता बदलला आणि पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत. उशीर होतो कधीकधी. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. बँकेच्या मशीनवाल्याकडे अंगठा ठेवला, तो म्हणाला, "काहीच जमा नाही, मावशी." मी म्हटलं, "परत बघ." त्याने परत बघितलं. मी म्हटलं, "तुझं मशीन पुसून बघ." त्याने पुसलं, बिचाऱ्याने. मशीन स्वच्छ झालं, पैसे नव्हते.

मग ऑफिस. टेबलामागे एक क्लार्क बाई होती, बोलायला सरळ. म्हणाली, "तुम्ही तालुका बदललात ना, मग नव्याने चौकशी होते. माणूस जाऊन आला. शेजाऱ्यांनी सांगितलं, अशी कुणी अधू बाई इथे राहत नाही. म्हणून थांबवलंय."

"मी तुमच्यासमोर बसले आहे की!"

"समोर बसून चालत नाही, ताई. पत्त्यावर राहायला पाहिजे. पुढची यादी जायच्या आत फेरचौकशी झाली नाही तर नाव कमी होईल. मग पहिल्यापासून अर्ज, पहिल्यापासून तपासणी."

तिचं पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं, म्हणे! चौकशीचा माणूस कुठे गेला होता हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकच घर आलं. जागा घेतली, आता हेही घेतलंस! मी तशीच बाहेर पडले आणि रिक्षा करून थेट डहाणू गाठलं. भाडं ठरवतानासुद्धा मी भावाशीच भांडत होते. रिक्षावाला म्हणाला, "बाय, मी काय केलं?" आणि वेग वाढवला.

भाऊ किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. मला बघून त्याने मान वर केली, हात चालूच.

"काय सांगितलंस तू त्या माणसाला?"

"कुठल्या माणसाला? आधी पाणी पी."

"पाणी नको मला. मी इथे राहत नाही म्हणून सांगितलंस?"

"ते तूच सांगून गेलीस की. भर किनाऱ्यावर उभी राहून."

तेवढ्यात दोऱ्यांमागून वहिनी म्हणाली, "उभी नव्हती, बसली होती. आणि टोपली फेकली होती. माझी."

"तुझी असती तर अजून लांब फेकली असती! आईची होती म्हणून जवळ पडली."

भावाने जाळं खाली ठेवलं. "हे बघ बाय, माझ्या दारात कुणी आलं नाही. आलं असतं तर मी सांगितलं असतं, बहीण माझी आहे, पाय अधू आहे, जीभ शाबूत आहे. दाखला पाहिजे तर आत्ता देतो."

"मग कुणी सांगितलं? वाऱ्याने?"

"पत्ता तलासरीचा केलास तर माणूस तलासरीला जाणार ना? तुझ्या नव्या शेजाऱ्यांना विचार."

"माझे शेजारी असं करणार नाहीत. ते काही माझे सख्खे नाहीत."

त्याने जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. त्याला लागलं असेल तर लागू दे. पण तलासरीचा पत्ता, तलासरीचा माणूस, हे त्याचं म्हणणं माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मी घासाघीस करणारी बाई आहे, समोरच्याचा हिशेब बरोबर असला की मला तो आवडला नाही तरी कळतो. निघताना आईच्या जागेवर नजर गेली. दोन जोड्या सुटून वाळूत पडल्या होत्या. मी काठीने त्या दाखवल्या आणि वहिनी उचलायला येईपर्यंत तिथेच थांबले.

माझ्या खोलीला लागून एक मिरचीवाली राहते. वयाने मोठी, पाड्यावरून इथे येऊन राहिलेली. मी तिला मावशी म्हणते. प्रत्येक बाजारात तिचा मिरच्यांचा ढीग माझ्या पाटीशेजारी असतो. मी परत आले तेव्हा ती दारात बसून मिरच्यांचे देठ काढत होती.

"मावशी, आपल्या चाळीत कुणी चौकशीला आलं होतं का?"

"आला होता एक. काळी बॅग होती. चांगला होता बिचारा, पाणी मागून प्याला."

"काय विचारलं त्याने?"

"इथे कुणी पायाने अधू बाई राहते का, म्हणाला."

"मग?"

"मग काय? नाही राहत, म्हटलं."

माझ्या कानांत समुद्र वाजायला लागला. "एकटी तूच होतीस?"

"नाही गं, सगळे होते. कांदेवालाही आला होता मिरच्या न्यायला. तोही म्हणाला, नाही राहत. समोरच्या खोलीतली म्हणाली, नाही राहत. सगळ्यांनी एकच सांगितलं. फरक नाही पडू दिला."

"आणि अधू म्हटल्यावर मी नाही आठवले तुम्हाला?"

मावशीने देठ बाजूला टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खुळी. "आठवलीस की! म्हणून तर नाही म्हटलं."

मी काठी आपटली. मग हसू यायला लागलं, मग राग आला, मग पुन्हा हसू. मावशी शांत. म्हणाली, "बाहेरच्या माणसाला आपल्या माणसाचं उणं सांगायचं नसतं, बाय. आमच्या पाड्यावर कुणी सांगत नाही. घरात पोर आजारी असलं तरी पाहुण्याला म्हणायचं, बरं आहे. बॅगवाल्याला तर नाहीच नाही. आणि तुझा काय नेम? कळलं असतं तर वजनं फेकली असतीस."

"मावशी, माझी रिक्षा गेली तुमच्या भलेपणात!"

मग मी सगळं समजावून सांगितलं. तेव्हा तिच्या हातातली मिरची तशीच राहिली. "पैसे बंद?" तिने विचारलं. "आमच्यामुळे?" मी म्हटलं, "तुमच्यामुळेच. आता तुम्हीच चालू करून द्यायचे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी फेरचौकशीचा दिवस मागितला. क्लार्क बाई म्हणाली, बघू. मी म्हटलं, 'बघू' नको, बाजाराचा दिवस द्या, सगळे एका जागी भेटतील, तुमच्या साहेबांची फेरी वाचेल. ती म्हणाली, साहेबांना विचारते. मी म्हटलं, विचारा, मी बसते. मी बसले. बसण्यात मला कुणी हरवू शकत नाही. शेवटी दिवस मिळाला.

त्या दिवशी बाजार गच्च भरला होता. काळ्या बॅगेचे साहेब आले, तरुणच होते, माझ्या पाटीसमोर उभे राहिले. माझं पूर्ण नाव वाचलं. मी म्हटलं, "मीच." माझं प्रमाणपत्र पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, हे सगळं बरोबर आहे. पण मागच्या वेळी लोकांनी नाही म्हटलंय. आता त्याच लोकांनी ओळख दिली पाहिजे." आणि मिरचीवाल्या मावशीकडे वळले. "ह्या बाईंना ओळखता?"

"ओळखते. शेजारीण माझी."

"पायाने अधू आहेत का?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून खुणावलं, बोल. तिने पदर तोंडाला लावला आणि मिरच्यांकडे बघत बसली.

"बोल ना, मावशी!" मी ओरडले.

"माझ्याने नाही बोलवत. भर बाजारात, तुझ्या तोंडावर?"

साहेब कांदेवाल्याकडे वळले. तो दोन पावलं मागे सरला. "मला नका विचारू, साहेब. मी एकदाच म्हटलं होतं. ते वजन अजून सापडलेलं नाही."

लोक हसले. मी पाटीवर हात आपटला. "आज म्हणा! आज सगळ्यांना माफ! म्हणा रे, कुणीतरी म्हणा!" जितकी मी ओरडत होते तितके ते मागे सरत होते. एक पाड्यावरचा म्हातारा, माझं जुनं गिऱ्हाईक, साहेबांना समजावायला लागला, "चांगली बाई आहे, साहेब. तिच्यात काही कमी नाही. माप जरा कमी देते, बस." साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांनी बॅग बंद करायला घेतली. यादी जाणार होती. हा माणूस पुन्हा आला नसता.

तेव्हा मावशी बोलली. साहेबांकडे न बघता, मिरच्या निवडता निवडता. "लिहा, साहेब. ही पहाटे येते, अंधारात. रिक्षावाला पाटी उतरवतो, मग ही उतरते, आधी काठी, मग चांगला पाय, मग दुसरा हाताने उचलून. खोलीच्या पायऱ्या बसून उतरते. पावसात लोखंडाचा पट्टा गंजतो म्हणून रात्री तेल लावते, वास माझ्या खोलीत येतो. थंडीत पाय दुखतो तेव्हा कुणाशी बोलत नाही, आम्हीही बोलत नाही. मला तो शब्द बोलायचा नाही. बाकी तुम्हाला पाहिजे ते लिहून घ्या."

मग कांदेवाला म्हणाला, "उजवा पाय तिचा." समोरची म्हणाली, "डावा! चाळीत येताना काठी उजव्या हातात असते." तो म्हणाला, "काठी तर मी रोज बघतो." "बघतोस कुठे, चुकवतोस!" आणि मग जे सुरू झालं! कुणी म्हणालं, ती सगळ्यांत शेवटी उठते म्हणून आम्ही लवकर निघतो, तिला अवघडल्यासारखं नको. कुणी म्हणालं, चाळीसमोरचा खड्डा आम्ही तिच्यासाठीच बुजवला. साहेब लिहीत होते, म्हणत होते, "एकेक बोला, एकेक बोला," आणि कुणी ऐकत नव्हतं.

मी मात्र जागच्या जागी तापले. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं! मी रोज झोप मोडून अंधारात येत होते, सगळे उठेपर्यंत उपाशी बसत होते, आणि हे लोक आपापल्या जागेवरून सगळं बघत होते आणि बघितलं नाही असं दाखवत होते! मला फसवलं म्हणून त्यांच्यावर ओरडावं, की आणखी काय करावं, मला कळेना. मी म्हटलं, "आज कुणाला वर एक मासळी मिळणार नाही!" आणि पाटीवर फडकं ओढलं.

साहेब म्हणाले, "एकच राहिलं. खोलीच्या दारात तुमचा फोटो लागतो, उभं राहून."

खोली बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. लख्ख उजेड. मी इतक्या वर्षांत भर बाजारातून कधी चालले नव्हते. काठी घेतली, कॅलिपरची कडी लावली आणि उठले. माझा पाय बाहेरून फिरून पुढे येतो, पट्ट्या खडखडतात. आणि त्याच क्षणी सगळ्या बाजाराला कामं आठवली! कांदेवाला जोरजोरात भाव ओरडायला लागला. बायका कारण नसताना भेंड्या मोडून बघायला लागल्या. एवढ्या लोकांना इतकं मन लावून न बघताना मी कधी पाहिलं नाही. मी घाई केली नाही. वाटेत एकीच्या वांग्यांचा भावही विचारला. महाग होती.

दारात उभी राहिले तर मागे मावशी, तिच्यामागे कांदेवाला, समोरची, तो म्हातारा, सगळे चौकटीत. साहेब म्हणाले, "फक्त लाभार्थी पाहिजे, बाकीचे बाजूला व्हा." कुणी हललं नाही. मावशी म्हणाली, "काढा, साहेब. मागच्या वेळी नाही म्हटलं होतं ना, आता तोंडं दिसू दे." त्यांनी तसाच काढला.

भावाचा फोन आला एकदा. "झालं का तुझं काम?" मी म्हटलं, "चालू आहे." त्याने त्या माणसाला काही सांगितलं नव्हतं, हे मला कळलं आहे. पण जागा घेतली ती घेतलीच. एक गोष्ट त्याने केली नाही म्हणून दुसरी माफ होत नाही. मी त्याला तेवढंच सांगितलं, की वाळूतल्या जोड्या वहिनीला नीट अडकवायला शिकव. तो म्हणाला, "तूच ये शिकवायला." मी फोन ठेवला.

पैशांचा मेसेज आला तेव्हा मी कासाच्या बाजारात होते. चांगलं ऊन वर आल्यावर पोचले होते, कारण आता लपवायचं कुणापासून? पुढे एक बाई सुकटीवरून हुज्जत घालत होती. फोन वाजला, मी बघितला. मधल्या बंद महिन्यांसकट जमा. मी मावशीला ओरडून सांगितलं, "आले!" मावशीने तिच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "आले!" त्या गिऱ्हाइकाला काय आले ते ठाऊक नव्हतं, तरी तीही हसली. आनंदात मी समोरच्या बाईच्या पिशवीत सुकटीच्या दोन मुठी जास्तीच्या टाकल्या. ती पटकन पिशवी मिटायला लागली.

"थांब, थांब," मी म्हटलं, आणि त्यातली एक मूठ परत काढून घेतली.